सहा हजार वॅट विकणाऱ्या साहेबांस

प्रति,
होम थिएटर विकणारे साहेब,
ना. म. जोशी मार्ग परिसर, लोअर परळ.

विषय : आमच्या तात्यांना ऐकू न आलेले शब्द.

साहेब,

तुमचं आणि तुमच्या दुकानाचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. तुम्ही वाचलंत की तुम्हाला कळेलच. तुमच्यासारखा धंदा करणाऱ्या इतरांनाही कळेल. हे पत्र उघड्यावर लिहायचं कारण एवढंच, की आमच्या भागात जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहताहेत आणि ज्या घरांनी आयुष्यभर एका खोलीत दिवस काढले, त्या घरांना पहिल्यांदाच ‘हॉल’ मिळतो आहे. त्या हॉलमध्ये काय आणावं, हे विचारायला ही माणसं तुमच्याच काउंटरवर येणार आहेत. आम्हीही तसेच आलो होतो.

दिवाळीआधीचा शनिवार होता. मी, माझा भाऊ आणि आमचे वडील, तात्या. तात्यांनी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला होता, कारण खरेदी त्यांच्यासाठी होती. ताबा मिळून दोन महिने झाले होते. आमचा हॉल दहा फूट बाय सोळा. चाळीतल्या आमच्या अख्ख्या खोलीएवढा. आम्हा दोघा भावंडांनी ठरवलं होतं, की तात्यांना घरबसल्या सिनेमा दाखवायचा, आणि नीट दाखवायचा.

तुम्ही आम्हाला बसवलंत आणि न विचारता डेमो लावलात. आधी हेलिकॉप्टर, मग स्फोट. काचेचा दरवाजा थरथरला. तात्यांनी छातीवर हात ठेवला. तुम्ही हसून म्हणालात, “काका, याला म्हणतात पॉवर! सहा हजार वॅट!” खोक्यावर तोच आकडा लाल अक्षरांत छापलेला होता. खाली ‘पी.एम.पी.ओ.’ अशी चार बारीक अक्षरं होती. आम्ही साडेचौतीस हजार रुपये मोजले आणि खोकं टॅक्सीत घालून घरी आलो.

साहेब, त्या पाऊण तासात तुम्ही आम्हाला एकही प्रश्न विचारला नाहीत. हॉल केवढा आहे? सोफा भिंतीला टेकून आहे की मध्ये? खाली-वर कोण राहतं? बघणार कोण आणि बघणार काय? शिंपीसुद्धा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तुम्ही माप न घेताच सदरा शिवलात आणि आमच्या अंगात कोंबलात. माझी पहिली तक्रार ही आहे आणि बाकीच्या साऱ्या तिच्यातूनच निघाल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस येऊन जोडून गेला. रात्री आम्ही ‘सामना’ लावला. विजय तेंडुलकरांचे संवाद, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोर निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. तात्यांनी तो तरुणपणी थिएटरात पाहिला होता. हा सिनेमा संवादावर उभा आहे. त्यात एक शब्द निसटला तर पुढचा वार कुठे बसला ते कळत नाही.

दहा मिनिटांनी तात्यांनी खुर्ची पुढे ओढली. आणखी पाच मिनिटांनी आणखी पुढे. शेवटी टीव्हीपासून तीन फुटांवर जाऊन ते मान वर करून बसले. मला वाटलं, डोळ्यांचं काही असेल. जवळ जाऊन पाहिलं तर ते निळू फुल्यांच्या ओठांकडे बघत होते. मी विचारलं, “तात्या, ऐकू येत नाहीये का?” ते म्हणाले, “आवाज येतोय गं. शब्द येत नाहीयेत.”

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

तात्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तात्यांची पाळी पुन्हा कधी लागली नाही. पण त्याआधीची चौदा वर्षं त्यांनी साच्यांमध्ये काढली होती. शेकडो साचे एकाच वेळी चालायचे, धोटे इकडून तिकडे आपटायचे, शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी भागायचं नाही. म्हणून साचेखात्यातली माणसं हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालीवरून बोलायची. तात्या अजूनही समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकतात.

अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा कान सगळा बसत नाही. आधी वरच्या पट्टीतला भाग जातो, चार हजार हर्ट्झच्या आसपासचा. भाषेतली बरीच व्यंजनं तिथेच असतात. स, श, च, त, ख यांची धार वरच्या पट्टीत असते आणि अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला कोणीतरी बोलतंय हे कळतं, रागाने बोलतंय की मायेने हेही कळतं, पण ‘सात’ म्हणाला की ‘हात’, हे कळत नाही. त्यात खालून घुमणारा आवाज वाढवला, तर उरलेली व्यंजनंही त्याच्याखाली गाडली जातात. तुम्ही आम्हाला नेमकं तेच विकलंत. ज्या माणसाचे शब्द आवाजाने हिरावून नेले, त्याच्या हॉलमध्ये तुम्ही आणखी आवाज आणून ठेवलात.

लोअर परळमध्ये दुकान मांडताना हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. या भागातल्या घराघरांत साचेखात्यात राबलेले कान आहेत.

आता तुमच्या सहा हजार वॅटकडे येते.

त्या रात्री मी मुख्य डबा उलटा करून पाठीमागचा स्टिकर वाचला. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, वीज लागते ७५ वॅट. पंचाहत्तर. जे यंत्र भिंतीतून पंचाहत्तर वॅट घेतं, ते स्पीकरला सहा हजार वॅट कुठून देतं? आमच्या हॉलचा साधा प्लग सहा अँपिअरचा आहे. २३० व्होल्टवर त्यातून जास्तीत जास्त १३८० वॅट येऊ शकतात. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास खातो. म्हणजे तुमच्या लाल आकड्यावर विश्वास ठेवायचा तर एका प्लगला चार एसी लावल्यासारखं झालं असतं. तासाला सहा युनिट पडले असते आणि त्याआधी घराचा फ्यूज उडाला असता. उरलेले वॅट तुम्ही कुठून आणलेत, ते सांगा.

मी सांगते. तो आकडा छापखान्यातून आणलात. पी.एम.पी.ओ. म्हणजे संगीताची शिखरावरची ताकद असं काहीसं. ती कशी मोजायची याचं सर्वमान्य माप नाही. ज्याला जेवढी वाटेल तेवढी तो छापतो. ग्राहकाने विचारायचा आकडा आर.एम.एस. हा आहे, म्हणजे सतत देता येणारी ताकद. आणि तीही किती ओहमवर व किती चॅनेल एकाच वेळी चालू असताना मोजली, ते विचारायचं. हे तुम्ही सांगितलं नाहीत, कारण सांगितलं असतंत तर सहा हजारांचे साठ झाले असते.

बरं, वॅट जास्त म्हणजे आवाज चांगला, हेही खरं नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट ताकद लागते. साधा बरा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७-८८ डेसिबल आवाज देतो. तीन मीटरवर बसलेल्या माणसाला त्यातले पंचाहत्तरच्या वर मिळतात. समोरासमोरच्या गप्पा साठ डेसिबलच्या आसपास असतात. म्हणजे आमच्या दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये बहुतेक वेळ एक-दोन वॅट पुरे होतात. बाकीची ताकद लागते ती क्षणभरच्या उसळीला. त्याला खरे पन्नास वॅट असले तरी भरून उरतात. खोटे सहा हजार कशालाच पुरत नाहीत.

तात्यांना ‘शोले’ची गोष्ट सांगायला आवडते. १९७५ साली लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हा थिएटरात तो ७० एम.एम.वर लागला होता, स्टिरिओफोनिक आवाजात. तात्या गिरणीतल्या चौघांबरोबर गेले होते. त्यांना गोळीबार आठवत नाही. त्यांना आठवतं नाणं. पडद्यावर नाणं उडालं, पडलं, आणि पुढच्या रांगेतली माणसं आपल्याच खिशातलं पडलं असं समजून खुर्चीखाली वाकली. तात्या सांगतात, “मीपण खिसा चाचपला.” साहेब, चांगला आवाज म्हणजे काय, हे त्या नाण्याने सांगून ठेवलेलं आहे. बारीक आवाज, पण आपल्या जागी, आपल्या धारेसकट. तुमच्या डेमोत स्फोट होता, नाणं नव्हतं. स्फोट कोणत्याही डब्यातून जोरातच ऐकू येतो. नाण्याला स्पीकर लागतो.

आता तुमचे स्पीकर. पाच पिटुकले डबे, मूठभर आकाराचे, आत अडीच इंचांचा ‘कोन’, म्हणजे आवाज काढणारा शंकू. एवढ्याशा कोनला खालचे स्वर काढता येत नाहीत, म्हणून दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं कोपऱ्यातल्या मोठ्या डब्याकडे, सबवूफरकडे पाठवलेलं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर ते दीडशे हर्ट्झच्या आसपास असतो. परिणाम काय झाला? निळू फुल्यांच्या आवाजाचा वरचा भाग टीव्हीखालून आणि छातीतला भाग खिडकीखालच्या कोपऱ्यातून यायला लागला. एका माणसाचे दोन तुकडे. मी डोळे मिटून ऐकलं आणि मला घरात दोन माणसं बोलताहेत असं वाटलं. नीट आखलेल्या संचात ही सीमा साधारण ऐंशी हर्ट्झवर ठेवतात. त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने आला, ते कानाला सहसा कळत नाही. पण ऐंशीपर्यंत उतरायला पुढचे स्पीकर अंगाने मोठे लागतात. तुमच्या खोक्यात त्यांना जागा नव्हती.

पाच-पॉइंट-एकच्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीत सगळ्यांत महत्त्वाचा स्पीकर मधला. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. तुमचा मधला स्पीकर पाचांतला सगळ्यांत हलका होता. तुमच्या माणसाने तो टीव्हीच्या वर, छताजवळ खिळ्याला अडकवला. तात्यांचे कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर आणि शब्द निघताहेत आठ फुटांवरून, तेही समोरच्या उघड्या भिंतीकडे तोंड करून. मागचे दोन स्पीकरही त्याने टीव्हीच्याच भिंतीवर ठोकले, कारण वायर पुरली नाही. पाचही स्पीकर एका भिंतीवर. मुंबईच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेलाच असतो, मागे जागा नसते, हे मला कळतं. पण त्याला उपाय आहे. हे स्पीकर सोफ्याच्या दोन्ही अंगांना, किंचित मागे आणि बसल्या कानाच्या थोडे वर लावायचे. मांडणीच्या शास्त्रात त्यांची जागा समोरून ९० ते १२० अंशांवरच सांगितली आहे. एवढं दुकानातल्या पोराला शिकवायला अर्धा तास लागतो.

वायर सुतळीपेक्षा बारीक होती आणि ती त्याने दारातून जमिनीवरून नेली. तिसऱ्या दिवशी तात्यांचा पाय तिच्यात अडकला. ते पडले नाहीत, भिंतीला धरलं. त्या दिवशी मी सगळ्या वायरी काढल्या.

सबवूफरबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्याचा त्रास आमच्या घरापुरता राहिला नाही. चाळीस हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ अठ्ठावीस फूट लांब असते. आमचा हॉल सोळा फुटांचा. अशी लाट पडद्याने, गादीने किंवा भिंतीवर चिकटवलेल्या फोमने अडत नाही, ती स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. शिवाय प्रत्येक खोलीच्या लांबी-रुंदी-उंचीला आपापला सूर असतो. आमच्या हॉलची रुंदी दहा फूट, म्हणजे तिचा सूर ५६ हर्ट्झच्या आसपास. उंची साडेनऊ फूट, म्हणजे ५९ च्या आसपास. दोन्ही सूर शेजारी-शेजारी आले, त्यामुळे तेवढाच भाग जास्त घुमतो. असा सूर भिंतीलगत सगळ्यांत जोरात असतो आणि आमचा सोफा भिंतीलगतच आहे. त्यात तुमच्या माणसाने डबा कोपऱ्यात सारला, जिथे तो आणखी फुगतो. दुसऱ्या रात्री साडेदहाला खालच्या काकू वर आल्या. त्या भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “नात दहावीला आहे. तिच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलतोय.” मला मान वर करता आली नाही. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला आकडा. पण काकूंना आकडा सांगायची गरज नव्हती. चाळीत आम्ही आणि त्या एका भिंतीआड तीस वर्षं राहिलो, एकमेकांच्या आजारपणात रेडिओ बंद ठेवले. नव्या घरात आल्या-आल्याच आम्ही त्यांना त्रास दिला, तो तुमच्या डब्यामुळे.

तुमच्या खोक्यावर ‘डॉल्बी’ हाही शिक्का होता आणि तो बोटाने दाखवून तुम्ही म्हणालात, “गणपतीत असतो तसाच!” साहेब, मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या डब्यांना आपल्याकडे डॉल्बी म्हणायची पद्धत पडली आहे. पण ज्या रे डॉल्बींचं ते नाव आहे, त्यांनी युनेस्कोच्या कामासाठी भारतात काही काळ काढला होता आणि १९६५ मध्ये कंपनी काढल्यावर त्यांचं पहिलं नाव झालं ते टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्राने. म्हणजे या माणसाने नाव कमावलं ते नको असलेला आवाज काढून टाकून. खोक्यावरच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की त्या पद्धतीने साठवलेला आवाज हे यंत्र वाचू शकतं. ते कसं वाजेल, याची हमी त्या शिक्क्यात नाही.

आता मला कोणी कसं शिकवलं, ते सांगते. म्हणजे हे काम प्रामाणिकपणे करता येतं, याचा पुरावा तुमच्यासमोर राहील.

भावाच्या ओळखीने लॅमिंग्टन रोडवरचे एक जुने कारागीर घरी आले. सत्तरीच्या घरातले. हातात फक्त मोजपट्टी आणि वही. त्यांनी आधी हॉलच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवली आणि कान देऊन उभे राहिले. टाळीमागून भिंतींमधून बारीक झणकार आला. “उघड्या भिंती, उघडी लादी. शब्द घासले जातात,” ते म्हणाले. मग त्यांनी तात्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं, माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं आणि तात्यांना सांगितलं, “जो शब्द निसटेल तिथे हात वर करा.” तात्यांनी कितीदा हात वर केला ते वहीत लिहिलं. तुमच्या दुकानात जे पाऊण तासात झालं नाही, ते त्यांनी पाच मिनिटांत केलं. ते ऐकणाऱ्याकडे वळले.

त्यांनी काय सांगितलं ते जसंच्या तसं देते, पहिल्यांदा होम थिएटर आखणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. पैसे थोडे असतील तर पाच वाईट स्पीकर घेऊ नका, तीन चांगले घ्या. डावा, उजवा आणि मधला. तिन्ही एकाच जातीचे, म्हणजे आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला तरी त्याचा रंग बदलत नाही. मागचे पुढच्या वर्षी घ्या, सबवूफर त्याच्याही नंतर. ए.व्ही. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना ताकद देणारा मुख्य डबा, मात्र पाच-पॉइंट-एकचा घ्या, वापरलेला चालेल, पण समोर वाजवून आणि एच.डी.एम.आय.चं प्रत्येक भोक तपासून. डावा आणि उजवा स्पीकर तात्यांच्या जागेपासून मधल्या रेषेच्या तीस-तीस अंशांवर, कानाच्या उंचीला. मधला टीव्हीच्या लगेच खाली, किंचित वर रोखलेला. टीव्ही आणि रिसीव्हर यांची जोडणी ए.आर.सी. लिहिलेल्या एच.डी.एम.आय. भोकातून करा. लादीवर सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट ठेवा. आणि ज्यांचं घर अजून बांधून व्हायचं आहे त्यांनी रंग लागण्याआधीच भिंतीतून पाइप टाकून घ्यावेत, म्हणजे वायर पायात येत नाही. टीव्हीबद्दल ते एवढंच म्हणाले, की आठ फुटांवरून बघायला पंचावन्न इंच भरपूर झाले, आणि तो फोटोसारखा उंच टांगू नका, बसलेल्याची नजर पडद्याच्या मधल्या भागात पडली पाहिजे.

तुमचा सबवूफर बदलेपर्यंत चालवून घ्यायचा होता. त्यासाठी त्यांनी तो उचलून सोफ्यावर ठेवला, तात्यांच्या जागेवर. एक संथ ठेका लावला आणि त्या वयात गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने सगळा हॉल फिरले. कान जमिनीलगत. जिथे घुमणं कमी आणि ठेका स्पष्ट, तिथे खडूने फुली मारली. सबवूफर त्या फुलीवर, खाली जाड रबर. त्याचं बटण निम्म्याखाली. रिसीव्हरमध्ये मधला स्पीकर तीन डेसिबलने वर. रात्री दहानंतर ‘नाइट’ची सोय चालू, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि संवाद वर राहतात. दोन दिवसांनी मी खाली जाऊन काकूंना विचारलं. ग्लास हलत नाही.

त्यांनी घेतले ते पैसे तुमच्या डब्यापेक्षा थोडे जास्त झाले. ते आम्ही आनंदाने दिले. आमचा आक्षेप पैशांना नव्हता, कधीच नव्हता.

तुमच्याकडे मी परत आले होते, आठवत असेल. तुम्ही काउंटरमागच्या पाटीकडे बोट दाखवलंत : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ बिल मागितलं तर कच्च्या कागदावर आकडा लिहून दिलात. साहेब, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मालाबद्दल खोटं वर्णन करणारी जाहिरात हा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडणारा प्रकार आहे. पाटी भिंतीवर लावली म्हणून कायदा मागे सरत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मी तो फिरवला आहे आणि हे पत्र वाचणाऱ्यांनीही हाताशी ठेवावा.

मी तुमच्याकडे चार गोष्टी मागते. तुमच्या दुकानातल्या प्रत्येक खोक्यावरचा पी.एम.पी.ओ.चा आकडा झाका आणि त्या जागी खरे वॅट लिहा. माणूस आला की डेमोआधी त्याला हॉलचं माप विचारा. डेमोत स्फोटाच्या आधी दोन माणसांचा साधा संवाद लावा, हळू आवाजात, आणि विचारा, शब्द कळले का? आणि बरोबर कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला आधी विचारा.

हा भाग आवाजाला नवखा नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांनी नाटकं केली. शेवटच्या रांगेत पाळी संपवून आलेला माणूस बसलेला असायचा आणि त्याच्यापर्यंत शब्द पोचला नाही तर नाटक पडलं असं मानलं जायचं. इथल्या शाहिरांनी मैदानं भरली ती शब्द पोचवून. शेवटच्या माणसाला शब्द कळला पाहिजे, हे या वस्तीचं जुनं माप आहे. तुमचा माल मी त्याच मापाने मोजला आणि तो कमी भरला.

गेल्या रविवारी आम्ही ‘सामना’ पुन्हा लावला. तात्या खुर्ची पुढे ओढतील म्हणून मी बघत होते. ते सोफ्यावरच बसले. मधेच त्यांनी अडकित्ता घेतला आणि मान खाली घालून सुपारी कातरायला लागले. पडद्यावर डॉक्टर लागू बोलत होते. तात्यांचं त्यांच्या ओठांकडे लक्ष नव्हतं. एका वाक्यावर ते खालच्या मानेनेच हसले.

मी आणि भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. सिनेमा आम्ही दोघांनी पाहिलाच नाही.

तुमचा मुख्य डबा, सबवूफर, पाच स्पीकर आणि ती बारीक वायर मी खोक्यात परत भरून ठेवली आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी ते घेऊन मी तुमच्या काउंटरवर येते आहे. बरोबर पाठच्या स्टिकरचा फोटो आहे आणि तक्रारीची प्रत आहे. पक्कं बिल तयार ठेवा.

— दहा बाय सोळाच्या हॉलमधली तुमची एक ग्राहक,
लोअर परळ